ऑर्ल्टनची नर्स

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी ऑर्ल्टन हॉल या जुन्या वाड्याच्या मेजवानीच्या दालनात जखमी वैमानिकांच्या खाटा लागल्या, तेव्हा हेस्टर लॉरिमर तिथे नर्स म्हणून आली. विमानाच्या आगीत डोळे गमावलेला अल्बन ट्रीस रोज दुपारी तिचा हात धरून नाशपातीच्या बागेत फिरायचा, आणि कुठलं झाड फुललंय, कुंपणावर कोणता पक्षी बसलाय, ते ती त्याला सांगत जायची. पुढे तिची बदली आघाडीवरच्या इस्पितळात झाली.

"तू गेलीस तर हे सगळं मला दाखवणार कोण?" त्यानं विचारलं होतं.

तिची पत्रं अनुत्तरित राहिली. तो गेलाच असावा, अशी तिनं हळूहळू मनाची समजूत घातली. लग्न मात्र केलं नाही.

हॉल लोकांना पाहायला खुला झाल्याचं कळलं, तेव्हा तिचे केस पिकले होते. दालनात आता चहाची टेबलं होती.

"मागची बाग पाहता येईल?" तिनं चहा ओतणाऱ्या डिलिसला विचारलं.

"जा की. तिथला अल्बन भेटला तर बिचकू नका हं. आंधळा आहे बिचारा. हॉलच्या थोरल्या साहेबांनी बागेतलं घर त्याला देऊन टाकलं."

हेस्टरनं कप जपून खाली ठेवला.

"एकटाच असतो?"

"छे! बायको आहे ना. युद्धात इथेच नर्स होती म्हणे. आम्ही कुणी तिला पाहिलेली नाही, पण याचं तिच्याशी बोलणं अखंड चालू. नशीबवान बाई! आमचे हे तर छप्पर गळलं तरी तोंड उघडत नाहीत."

हेस्टर बागेत आली, तेव्हा तिचे पाय तरुणपणासारखे भरभर पडत होते. तो बाकावर बसला होता. वाकलेला, पांढराशुभ्र, आणि इतका तृप्त की तिला किंचित मत्सरच वाटला. त्याचा डावा तळहात कुणाचा तरी हात धरल्यासारखा मिटलेला होता, आणि शेजारची जागा रिकामी होती. अल्बन, मी आले, असं म्हणायला ती एक पाऊल पुढे सरकली.

पायाखालची खडी वाजली. त्यानं चेहरा शेजारी वळवला.

"हेस्टर, कोण आलंय गं?"

त्या रिकाम्या जागेतून, हेस्टरच्याच बाविसाव्या वर्षीच्या आवाजात, हळुवार उत्तर आलं,

"कुणी नाही रे. वाट चुकलेली कुणी म्हातारी दिसतेय."