मिनिटाला पाच

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत मीच आणलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी मला 'हात दाखवून अवलक्षण' म्हणून हिणवायला नको. लग्न होऊन आली तेव्हा तिला काम नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, हिलाही तुझ्यासारखं कुठेतरी चिकटव. चिकटवलं. तीन वर्षांत बाई माझ्या खुर्चीपर्यंत पोचल्या.

हृदयाला पेसमेकर असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पोटालाही असतो म्हटलं की लोक हसतात. जठराच्या भिंतीत काही पेशी असतात, त्या ठरावीक वेळाने विजेची हलकीशी लाट सोडतात आणि त्या ठेक्यावर जठर आकसतं. आम्ही उंदराच्या जठराचा नखाएवढा तुकडा कोमट खारट पाण्याच्या बशीत टाचण्यांनी ताणून बसवतो, केसाहून बारीक काचेचं टोक त्यात टेकवतो आणि लाटा मोजतो. मिनिटाला साधारण पाच. ऐकायला सोपं वाटतं, पण टेबलाला कुणाचं कोपर लागलं तरी टोक मोडतं. काचेची नळी तापवून ही टोकं मी सोळा वर्षं ओढते आहे.

माझ्या टेबलावरच्या भिंतीला एक फ्रेम होती. अकरा वर्षांपूर्वी, कागदावर पेन फिरायचं त्या काळात मी घेतलेलं रेकॉर्ड. चाळीस मिनिटं, दर मिनिटाला पाच लाटा, शिवणयंत्राच्या टिपेसारख्या सरळ. आमच्या प्रयोगशाळेचे सर प्रत्येक नव्या माणसाला तिच्यासमोर उभं करायचे आणि म्हणायचे, हात म्हणतात तो ह्याला. मी मान खाली घालून ऐकायची. खोटं कशाला बोलू, रोज ऐकलं असतं तरी कंटाळले नसते.

आणि एका सोमवारी धाकटीने दोन तास दहा मिनिटांचं तसंच सरळ रेकॉर्ड घेतलं. सर तिच्या स्क्रीनपुढे हातातला चहा विसरून उभे राहिले. घरी सासूबाईंनी, ज्यांना जठर कुठे आणि यकृत कुठे हे माहीत नाही त्यांनी, तीन शेजारणींना बोलावून सांगितलं. मी आत भाजी चिरत होते, बोट कापून घेतलं. माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं मोजायला काचेचं टोक लागत नाही.

एवढंच असतं तर गिळलं असतं. पण आम्ही दोघी वर्षा-वर्षाच्या करारावर, आणि आता कायमची एक जागा निघाली होती. एकच. शुक्रवारपर्यंत सरांना एक नाव वर पाठवायचं होतं.

मी तिचं रेकॉर्ड नीट पाहिलं. जरा जास्तच सरळ होतं. कोमट पाणी फिरवणारा आमचा पंपही बारा-एक सेकंदांनी एक हिसका देतो, आणि तो कधी कधी टोकापर्यंत पोचून लाटेचं सोंग घेतो. खरंखोटं करायचा एकच उपाय: पाणी गार करायचं. जिवंत तुकडा गारठ्यात मंदावतो, पंपाला थंडी वाजत नाही. बुधवारच्या बैठकीत हे मी सगळ्यांसमोर काढलं. मोठी आहे म्हणून बोलते हो, असं म्हणून, अगदी साखर घोळून.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ओठांवर आलं होतं तिच्या, ते तिने परत आत ढकललं. करूया की ताई, एवढंच म्हणाली.

तिने नवा तुकडा बसवला, हीटरचं बटण मीच फिरवलं. सदतीसचे सत्तावीस अंश होईपर्यंत तिच्या लाटा पाचाच्या चार, चाराच्या तीन, तिनाच्या दोन झाल्या. पाणी तापवलं तशा परत पाच. शंभर नंबरी खरं. सर खूश होऊन म्हणाले, आता लेखात ह्याच्या शेजारी थोरलींचं जुनं रेकॉर्ड टाकू. फ्रेममधला भाग कापून उरलेली गुंडाळी कपाटात असेल ती काढा, शेवटी हीटर बंद केल्यावर पाणी गार होतानाचा भाग त्यात असेलच.

गुंडाळी खालच्या फळीवर होती. मी ती अकरा वर्षांत उघडली नव्हती. चांगलं तेवढं भिंतीवर लावल्यावर उरलेलं कोण बघतंय? जमिनीवर पसरली. शेवटच्या हातभर कागदावर माझ्याच अक्षरात तापमान लिहिलेलं होतं: सदतीस, तेहेतीस, तीस, सव्वीस. आणि लाटा पाच, पाच, पाच, पाच. बोट ठेवून तीनदा मोजल्या. पंप होता तो. अकरा वर्षं मी पंपाची फ्रेम मिरवत होते.

मग दिसलं की माझ्याआधी कुणीतरी त्या मोजल्या होत्या. प्रत्येक लाटेवर पेन्सिलीची बारीक खूण, कडेला तिरक्या अक्षरात आठ महिन्यांपूर्वीची तारीख आणि खाली 'पंप?'. तिरकं अक्षर आमच्याकडे एकीचंच. गुंडाळीला बांधलेलं रबर नवंकोरं होतं, हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

म्हणजे आठ महिने तिला माहीत होतं. सर फ्रेमचं कौतुक करायचे तेव्हा ती शेजारी उभी असायची. बुधवारी मी तिला सगळ्यांसमोर उघडं पाडायला निघाले, तेव्हा एका वाक्यात तिने मला झोपवली असती. 'आपलं ठेवायचं झाकून' ही म्हण माझ्यासाठीच केलेली असावी.

तिने गावभर केलं असतं तर बरं झालं असतं. मला तिचा मनसोक्त राग करता आला असता. आता चांगुलपणातही हीच पुढे, मग माझ्याकडे राहिलं काय? मी खणातून कात्री काढली. हातभर कागद कापला की संपलं. पण तिला तेही कळलं असतं, आणि त्यावरही ती गप्प बसली असती. जन्मभर जेवताना मला मीठ पुढे करत गप्प बसली असती.

कात्री ठेवली. फ्रेम उतरवली, गुंडाळी घेतली आणि सरांच्या टेबलावर दोन्ही पसरली. हा पंप आहे, मी म्हणाले, मला आज कळलं, तिला आठ महिन्यांपूर्वी. नाव तिचं पाठवा. सरांनी चष्मा सारखा केला आणि शेवटच्या लाटा स्वतः मोजल्या.

प्रामाणिकपणा म्हणून टाळ्या वाजवू नका. तिचे उपकार माझ्या डोक्यावर नको होते, बस.

परत आले तर धाकटी आपल्या बशीपुढे बसून भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत होती.

"कशाला सांगितलंत, ताई? मी कधीच बोलले नसते."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच सांगितलं."

ती रडायला लागली आणि त्या हिसक्यात तिचं टोक मोडलं. मी नवीन ओढून दिलं. डोळे पुसून तिने ते पहिल्या फटक्यात बसवलं. मी मागे उभी राहून मोजलं. बारा सेकंदांनी लाट आली.

मेलीचा हात खरंच चांगला आहे.