नाकमास्तर

"आधी वारा बघ, मग पाऊल उचल." मी लहान असताना कारखान्याच्या फाटकाशी वडील हे सांगायचे. तो आवाज बर्फाच्या लादीसारखा होता, गार आणि भरवशाचा.

बर्फाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं कॉम्प्रेसर सांभाळला. अमोनियाची नळी कुठे पाझरते ते यंत्राआधी त्यांना कळायचं, म्हणून सगळे त्यांना नाकमास्तर म्हणत.

आज सकाळी त्याच कारखान्याचा भोंगा झाला. अमोनियाची टाकी फुटली होती आणि वारा नेमका आमच्याकडे वळलेला. पळायला सवड नव्हती. मी खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबली आणि सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आतल्या खोलीत बसले. तिला दमा आहे. वडील कोपऱ्यात स्टुलावर.

दुपार कलली. घाम संपला, बोलणं संपलं, लेकीच्या पंपातलं औषधही संपत आलं. फडकी सुकली की भिजवायची, पुन्हा कोंबायची, एवढंच काम उरलं. सकाळी डोळ्यांना झोंबणारा वास मला आता जाणवत नव्हता. तो गेला होता, की माझंच नाक बधिर झालं होतं, कोण जाणे. आम्ही सांगेपर्यंत काही उघडू नका, असा अग्निशमनवाल्यांचा संदेश होता. त्यानंतर फोन मुका.

शेजारच्या शिंपीणकाकूंनी भिंत वाजवून विचारलं, मास्तर काय म्हणतात? अख्खा मजला त्यांच्या नाकावर बसलाय म्हणावं, असंही वर ऐकवलं. वडिलांनी नुसतं हसल्यासारखं केलं.

लेक धापा टाकत खिडकीकडे बोट दाखवू लागली. ओठ पांढरे पडलेले. दोन बोटं फट केली तर तिला हवा मिळेल, आणि त्या हवेत विष असलं तर? बसून बसून जड झालेल्या पायांनी मी उठले, कडीला हात घातला.

"बाबा, तुम्ही सांगा. गेलाय ना वास?"

ते आले, खिडकीच्या फटीशी वाकले. जुन्या सवयीने डोळे मिटून लांब श्वास घेतला. मग आणखी एक. मी वाट पाहत राहिले. त्यांनी कडीवरची माझी बोटं एकेक करून सोडवली.

"उघडू नकोस."

"म्हणजे अजून आहे?"

"ते मला कळत नाही गं." ते खालीच बसले, भिंतीला टेकून. "मला वासच येत नाही. कसलाच नाही. नोकरीची शेवटची चार वर्षंसुद्धा येत नव्हता. बरोबरच्यांचे डोळे कधी पाणावतात ते बघायचो, आणि नाक वर करून सांगायचो."