बेलाखालची सतरंजी

झाडं कापणाऱ्या मल्लेशनं दोर फांदीवरून टाकून ओढून पाहिला, तसं वर लाकूड कडकडलं. तो झटकन मागं सरला.

“खाली कुणी थांबू नका. साल तेवढी धरून हाय.”

परवाच्या वादळात बेलाची ही जाड फांदी बुडाशी फाटली. पडली मात्र नाही. दुसऱ्या फांदीत अडकून भुवनेश्वरीच्या पत्र्यावर लटकत राहिली. नवरा गेल्यापासून त्या पत्र्याखाली ती आणि तिची लेक गायत्री. वादळापासून दोघी अणदूरच्या खंडोबाच्या ओवरीत झोपत होत्या. चुलत सासरा गुंडप्पा याचं स्लॅबचं घर भिंतीला भिंत लागून. तिथून ‘या’ असं कुणी म्हटलं नव्हतं.

मल्लेश करवतीची मशीन चालू करणार, तोच गुंडप्पा आला. कपाळभर भस्म, मागं चार रिकामटेकडे.

“बंद कर ते. महादेवाच्या झाडाला लोखंड लावतूस?”

“मामा, लेकराच्या डोक्यावर हाय ती,” भुवनेश्वरी म्हणाली.

“सोमवारी जळकोटचे स्वामी येतील, पूजा करतील, मग बघू. बेल आपल्या माणसाला मारत न्हाय.”

चौघांनी माना डोलावल्या. फांदी फाटली तेव्हा यातला एकही फिरकला नव्हता. अडवायचं म्हटलं की धर्माला माणसं कमी पडत नाहीत. आणि वर्षानुवर्षं याच बेलाच्या सावलीत उभी राहणारी गुंडप्पाची जीप परवापासून पार शाळेपाशी उभी होती. त्याबद्दल मात्र स्वामींना विचारायची गरज पडली नव्हती.

भुवनेश्वरी आत गेली. सतरंजी आणली, बरोबर फांदीखाली अंथरली आणि तिची टोकं नीट केली.

“बसा मामा. सगळेच बसा. चहा टाकते.”

चौघांनी सतरंजीकडं पाहिलं, मग वर. एकाला म्हशीला पाणी पाजायचं आठवलं.

“उन्हात बरं वाटायलंय,” गुंडप्पा म्हणाला. मे महिना होता.

तेवढ्यात त्याची बायको प्रेमाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं दारातून सगळं ऐकलं होतं. सतरंजीच्या मधोमध ती बसली, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घेतलं आणि पूजेला डोळे मिटले.

भुवनेश्वरी पुढं झाली. हे तिला नको होतं.

“आत्याबाई, उठा तिथनं.”

“का गं? मालक म्हणले की, मारत न्हाय म्हणून.”

वर पुन्हा कडकडलं. सतरंजीवर पानं गळली.

“मल्लेश, बघत काय ऱ्हायलास? मशीन लाव,” गुंडप्पा ओरडला.

“खाली माणूस असताना न्हाय लावत. आधी त्यास्नी आणा.”

गुंडप्पा सतरंजीच्या काठापर्यंत गेला. वर पाहिलं. पाऊल उचललं, आणि होतं तिथंच ठेवलं.

“भुवनेश्वरी, तू जा की.”

ती केव्हाच जाऊन प्रेमाबाईचा दंड धरून बसली होती. प्रेमाबाईनं डोळे उघडून नवऱ्याच्या पायांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात बांधलं आणि भुवनेश्वरीला धरून बाहेर आली.

“काप रे मल्लेश. स्वामींना मी सांगते,” ती म्हणाली. मग भुवनेश्वरीकडं वळली.

“गायत्रीला घेऊन ये. आज माझ्या घरात झोपा.”