अंगणातलं उखळ आणि बोआतेमाचे गुडघे

मी उखळ बोलतंय. मांपाँग गावच्या चढावर बोआतेमाचं घर आहे, तिथल्या अंगणात मी असतं. लाकडी, पसरट, जड, काठाला एक चीर. चीर पडली तरी कामावर आहे, आणि जे पाहिलं ते तोंडावर सांगायची मला सवय आहे.

बोआतेमा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं मला तिच्यापुढे ठेवलं. घरची रीत होती, खाणाऱ्यानं कुटायचं. उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी माझ्यात पडायची. एकीनं उभं राहून माणसाहून उंच मुसळ मारायचं, दुसरीनं खाली बसून दोन घावांच्या मधे हात घालून गोळा उलटायचा. ताल चुकला तर बोटं गेली. गोळा मऊ झाला की फुफू तयार. हात भरून यायचे, म्हणून गोळाही बेताचाच व्हायचा. वाडग्यात रस्सा जास्त, त्यात वांगी आणि पालेभाजी.

मग पाकिटातलं पीठ आलं. गॅसवर घोटलं की झालं. मला पालथं घालून भिंतीशी ढकललं आणि कोंबड्या माझ्यावर बसून घाण करायला लागल्या. कुटणं गेलं, गोळे फुगले. त्यात फुफू कुणी चावत नाही, गिळतात. म्हणजे तोंडालाही काम नाही.

बोआतेमा दिवसभर बाजारात कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये बसायची. टॅक्सीनं खाली, टॅक्सीनं वर. अंग भरलं तशा शेजारणी म्हणायच्या, "नवरा छान सांभाळतोय हो!" तीही फुशारून जायची.

एके दिवशी लेक आफ्रिये पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळाला आजीनं न्हाऊ घालायचं, ठेंगण्या स्टुलावर बसून, पाय लांब करून, नडग्यांवर घेऊन. बोआतेमा हौसेनं स्टुलावर बसून बघायला गेली. बसली खरी, उठेचना. तिच्या नणंदेनं, दुफीनं, एक हात ओढला आणि पोटुशा पोरीनं दुसरा.

आफ्रिये म्हणाली, "आई, न्हाऊ घालायला मी सासूबाईंनाच बोलावते. तू नुसती जवळ बस."

"जवळ बसू? मी काय पाहुणी आहे माझ्याच घरात?"

पोरीनं तिथंच सासूला फोन लावला. ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून बोआतेमानं जेवण सोडलं. चर्चमधल्या कुण्या बाईचं ऐकून नुसता अननस आणि लिंबूपाणी. आठवडा संपायच्या आत दुकानात चक्कर येऊन कापडांवर पडली. घरी आणली तर पहिल्यांदा काय केलं? पाकीट फोडलं आणि डोक्याएवढा गोळा गिळला. मग भिंतीकडे तोंड करून रडली.

दुफी थोरली. ती गोंजारत बसणाऱ्यातली नाही.

"झालं रडून? जेवण सोडून नातवंड उचलणार होतीस? हातात बळ तरी राहील का?"

"मग काय करू, वन्सं?"

"जेव. पण तू खाशील तेवढं तूच कुटायचं." असं म्हणून तिनं मला उलटं केलं. कोंबड्या ओरडत पळाल्या. राखेनं घासून तिनं मला उन्हात ठेवलं.

पहिल्या दिवशी बोआतेमाला चार घावांत धाप लागली.

"अगं, गोळ्यावर मार! माझी बोटं मला हवीत!"

"मग काढा ना लवकर!"

"तू मुसळ उचलायला दुपार घालवतेस, मी काढू कधी?"

दोघी हसत सुटल्या. त्या दिवशी गोळा मुठीएवढाच झाला, कारण पुढे हात चालेना. भूक होती, म्हणून वाडग्यात वांगी आणि पाला जास्त पडला. कुणी काही बंद केलं नाही, कुणी काही मोजलं नाही. हळूहळू ती चढही पायी चढायला लागली, आधी वळणापर्यंत, मग घरापर्यंत. खुरडत, शिव्या देत, पण चढायची. मुसळाचा घाव रोज खोल बसायला लागला. ते माझ्याहून बरं कुणाला कळणार?

बोआतेमा बारीक झाली नाही. आजही ती रुंदच आहे. उगाच खोटं कशाला सांगू?

मुलगी झाली. आफ्रियेची सासूही आली, नवं कापड नेसून, बाह्या सावरून. पण स्टुलावर बोआतेमा बसली होती. नडग्यांवर बाळ, बाजूला कोमट पाणी. चोळलं, धुतलं, पुसलं, गुंडाळलं. मग उठायची वेळ आली.

सासू पुढे झाली. "द्या, मी धरते बाळाला. तुम्ही उठा सावकाश."

"राहू दे."

बोआतेमानं बाळ छातीशी धरलं, पाय जवळ घेतले आणि उठली. डावा गुडघा कट्कन वाजला. मलाही ऐकू आला.

"आई," आफ्रिये म्हणाली, "उद्याही तूच घाल."

"मग काय शेजारीण घालणार?"

माझी चीर वाढतेय. दुफीनं तार बांधलीय, किती टिकेल माहीत नाही. फुटलं तर खुशाल चुलीत घाला, तक्रार नाही. पण धड आहे तोवर मला पालथं घालू नका. कसावा उकडलाय, वाफ येतेय. आज खाणारं कोण आहे? त्यानं मुसळ उचलावं.