जांभळी नोंद

थोरलीला शाळेच्या फाटकाशी उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा आईने तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायचं ठरवलं. मग मधलीनेही हट्ट धरला. धाकट्याने तर शाळेचं तोंडच पाहिलं नाही. बाबा छापखान्यात पाळ्यांवर कामाला, आई घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासणारी. नातेवाइकांनी नाकं मुरडली आणि "बघू, किती दिवस टिकतंय" म्हणून विषय सोडून दिला.

सुरुवातीला नुसता सावळागोंधळ होता. थोरली बीजगणितात अडलेली, धाकट्याला शू लागलेली, आणि मधलीला नेमकं त्याच क्षणी ढग खाली का पडत नाहीत ते जाणून घ्यायचं असायचं. मधली दिवसभर घरात गरगरत असायची म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. आईच्या पुढ्यात संध्याकाळपर्यंत परत करायची पानं तशीच पडलेली असत. एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात मटकन बसली आणि हुंदके देऊन रडली. मुलं घाबरून भिंतीला टेकून उभी राहिली.

त्याच आठवड्यात बाबांनी सगळ्यांचे फोन आणि मुलांचा टॅब एका ऑनलाइन कॅलेंडरला जोडून दिला. थोरलीला निळा रंग, भिंगरीला जांभळा, धाकट्याला पिवळा, बाबांच्या पाळ्या हिरव्या. आईने स्वतःसाठी राखाडी घेतला, कारण तोच उरला होता.

आणि घर खरंच रुळावर आलं. गणित, पोहणं, वाचनालय, धाकट्याच्या दम्याची तपासणी, कुणी कुणाला आणायला जायचं, सगळं आपापल्या चौकोनात बसलं. घरीच मुलांना शिकवणाऱ्या इतर आया आईला फोन करून विचारू लागल्या. ती उत्साहाने सांगायची, "एकदा सवय लागू दे, मग बघ. डोक्यावरचं ओझंच उतरतं."

एक नियम तिने घातला होता. ती राखाडी चौकोनात असेल, म्हणजे तिचं काम चालू असेल, तेव्हा मध्ये बोलायचं नाही. "काही हवं असेल, सांगायचं असेल, तर कॅलेंडरवर टाका. मी बघते ना रोज." थोरली हा नियम सर्रास मोडायची. धाकट्याला तो कळतच नव्हता. भिंगरीने मात्र तो मनापासून पाळला. आईला परत तसं रडताना तिला बघायचं नव्हतं.

एकदा मैदानावर खेळताना भिंगरीच्या डाव्या डोळ्यावर चेंडू बसला. तिथे खेळ शिकवणाऱ्या बाईंनी बर्फ लावला, आईला फोन केला. डोळा सुजला, काळानिळा झाला, मग सूज उतरली. आईने दोन्ही डोळ्यांसमोर बोटं धरून "किती?" म्हणून विचारलं, भिंगरीने बरोबर सांगितलं, आणि सगळे विसरून गेले.

बऱ्याच दिवसांनी कॅलेंडरवर एक जांभळी नोंद उगवली. एकच शब्द, 'डोळा'.

आईने ती पाहिली आणि तिला बरंच वाटलं. शरीराचे अवयव शिकवायचे बाकीच होते. पोरीने आपणहून विषय निवडला! पण त्या दिवशी थोरलीची पोहण्याची चाचणी होती. आईने ती नोंद बोटाने धरून पुढच्या आठवड्यात सरकवली. पुढच्या आठवड्यात धाकट्याचा दमा उसळला, म्हणून आणखी पुढे. ती तारीख आली तेव्हा आईने पाहिलं तर भिंगरीने नोंदीत भर घातली होती. 'डोळा. आईबरोबर.' आईला हसू आलं. मुद्रितं द्यायची घाई होती. तिने ती पुन्हा सरकवली.

मग एका सकाळी भिंगरी पाण्याचा तांब्या घेऊन येताना दाराच्या चौकटीवर आदळली. पाणी मुद्रितांवर सांडलं.

"अगं, डोळे फुटलेत का तुझे?" आई ओरडली. "नीट बघून चालता येत नाही?"

"त्या बाजूचं दिसत नाही मला."

"म्हणजे काय?"

"काळा पडदा आलाय. आधी थोडासाच होता, कोपऱ्यात. आता सगळीकडे पसरलाय."

आईने पुसायचं फडकं टाकून तिचा चेहरा वर केला. "कधीपासून? आणि बोलली नाहीस ते?"

"टाकलं होतं ना मी," भिंगरी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "तू पुढे ढकललंस. मग मी थांबले."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ दिव्याने आत पाहिलं. डोळ्याच्या आतला पडदा मागून सुटला होता. मार लागल्यावर असं हळूहळू होऊ शकतं, त्या म्हणाल्या. आधी आणलं असतं, तर बरंच वाचवता आलं असतं.

"एवढे दिवस पोर काही बोललीच नाही?" त्यांनी विचारलं.

"बोलली होती," आई म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. पट्टी सोडली तेव्हा भिंगरीला त्या डोळ्याने खिडकी कुठे आहे एवढंच कळलं. उजेड आणि अंधार. यापेक्षा जास्त काही येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बाहेर बोलावून सांगितलं.

दवाखान्याच्या जिन्यात आई बाबांना म्हणाली, "बोल की मला काहीतरी. शिव्या दे."

"माझ्याही फोनवर दिसत होतं ते," बाबा कठड्याकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, धडा आहे."

घरी आल्यावर आईने कॅलेंडर पुसून टाकलं. सगळे रंग गेले. थोरलीची चाचणी हुकली, बाबांची पाळी चुकली, ते तिने चालवून घेतलं. पण डोळ्यात घालायच्या थेंबांची गल्लत झाली आणि तपासणीचा दिवसही निसटला. डोळ्यातला दाब वाढला, भिंगरी दुखण्याने तळमळली, डॉक्टरीणबाई खूप रागावल्या. बाबांनी कॅलेंडर परत जोडलं. आईने थेंबांच्या वेळा एकेक करून भरल्या. भराव्या तर लागणारच होत्या.

थोरलीने शाळेत परत नाव घालायला सांगितलं. "माझ्यामुळेच सुरू झालं ना हे सगळं," ती म्हणाली. आईने तिला जवळ ओढलं, "वेडी आहेस का," म्हणाली, पण अडवलं नाही. थोरली रोज पांढऱ्याफटक चेहऱ्याने जाते आणि तशीच परत येते.

आई आता राखाडी चौकोनात बसत नाही. तिने काम निम्म्यावर आणलंय. मुद्रितं वाचताना मध्येच उठते, भिंगरीला शोधत जाते. भिंगरी आता गरगरत नाही. भिंतीच्या कडेकडेने चालते, वस्तूला हात लावून मग पाऊल टाकते.

"काही सांगायचंय का गं?"

"नाही."

"दुखतंय का कुठे? खरं सांग."

"नाही गं आई."

थोड्या वेळाने आई पुन्हा जाते, पुन्हा विचारते. भिंगरी मान वळवून चांगल्या डोळ्याने आधी आईचा चेहरा नीट बघून घेते, मग उत्तर देते. उत्तर दर वेळी 'नाही' असतं. ते खरं आहे, की आईने पुन्हा रडू नये म्हणून दिलेलं आहे, हे ओळखायचा कुठलाच मार्ग तिला उरलेला नाही.