मळके पाय

दरवर्षी पवित्र गुरुवारी रंजिता मनातल्या मनात चिडायची. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले म्हणून फादर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुवायचे, आणि ते बाराही पठ्ठे घरूनच साबणाने पाय घासून, नखं कापून यायचे. धुतलेलेच पाय पुन्हा धुवायचे, यात कसली आलीय डोंबलाची सेवा?

यंदा लॉकडाऊनमुळे चर्चला कुलूप होतं. दवाखान्यातली आयाची ड्युटी आटोपून ती अंजूरच्या चाळीत परतली, तर नळापाशी आठ-दहा मजूर बसलेले. वसईतलं काम बंद पडलं म्हणून उत्तर प्रदेशातल्या गावी पायी निघालेले. एकाची चप्पल वाटेतच तुटली होती आणि टाच पार सोलवटली होती. चाळीतली दारं मात्र धडाधड बंद झालेली.

रंजिताने मास्क घट्ट केला, माणसांना लांब लांब बसवलं, बादली भरली आणि त्या चपलेवाल्यापुढे फतकल मारली. त्याने पाय आखडते घेतले.

"नहीं दीदी, पाप लगेगा."

"लगेगा तो मुझे लगेगा. चुपचाप बैठो."

तेवढ्यात चाळीचा मालक लडकू तरातरा आला.

"ए बाय! रोग आनतेस काय चालीत? माझी आय दम्याची हाय. हाकल यांना, न्हाय तर खोली खाली कर. आजच्या आज!"

त्याची भीती खोटी नव्हती, आणि धमकीही. नवरा गेल्यापासून त्या एका खोलीखेरीज रंजिताला या जगात दुसरा आसरा नव्हता. हातातला तांब्या तसाच राहिला. मग तिला स्वतःचाच संताप आला. इतकी वर्षं धुतलेल्या पायांना नावं ठेवलीस, आणि आता खरेखुरे मळके पाय समोर आले तर खोली आठवते होय गं तुला?

"लडकूदादा, तुझ्या आईला, रंगूबाईंना, दार लावून आत बसव. ही माणसं पाय बांधून झाले की निघतील. दमलेल्याला हाकल असं माझ्या देवाने मला सांगितलेलं नाही, आणि तू सांगितलंस म्हणून मी हाकलणार नाही."

तिने कमरेची चावी काढली आणि नळाच्या कट्ट्यावर ठेवली. "ही घे तुझी खोली."

बाई रडेल, हातापाया पडेल, असं लडकूला वाटलं होतं. तो क्षणभर गांगरला. पण चाळीतल्या खिडक्यांतून सगळे बघत होते, आता माघार कशी घेणार? त्याने चावी उचलली. थोड्या वेळाने तिच्या दाराला त्याने आपलं दुसरं कुलूप लावल्याचा आवाज आला.

मजुराला मराठी कळत नव्हती, पण कुलूप कळलं. त्याचे डोळे भरून आले.

"दीदी, अब आप कहाँ जाओगी?"

"वो बाद में देखेंगे," रंजिता म्हणाली. "पहले पाँव दो."