मधलं माणूस

“थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं न्हाय, भुवना. मधी कुणीतरी घ्यायचं.”

सासरी पाठवताना ओटी भरता भरता आई कानाशी पुटपुटली होती. आई गेली, आवाज राहिला. उमरग्याच्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात फळ्यावर लिहितानाही भुवनेश्वरीला तो ऐकू यायचा.

आजचा धडा होता, त्रास देणाऱ्याला थांबवायचं कसं.

“तेच तेच दळण दळणाऱ्याला ‘गिव्ह इट अ रेस्ट’. मस्करी करणाऱ्या मित्राला ‘कट इट आउट’. डोकंच फिरलं, तर ‘नॉक इट ऑफ’.”

“मॅडम, सासऱ्याला कुठलं चालंल?” मागच्या बाकावरून महादेवीनं विचारलं. नुकतंच लग्न झालेली पोरगी. वर्ग खदाखदा हसला.

“थोरल्यांना यातलं एकबी न्हाय चालत.”

“मग त्यांना काय म्हणायचं?”

भुवनेश्वरीनं फळा पुसायला घेतला.

संध्याकाळी सास्तूरला घरी पोचली, तर बैठकीत पाहुणे. तिचे थोरले दीर गुरुसिद्धप्पा, घरातले अण्णा, लोडाला टेकलेले. नवरा श्रीशैल कोपऱ्यात, पेपरात तोंड घालून. खेळ ठरलेलाच होता. पाहुणा आला की चहा, चहानंतर भुवनेश्वरी. दाराआड उभं राहून चार वाक्यं इंग्रजीत बोलायची, नंदीबैलानं मान हलवावी तशी. कधी नको वाटलं तर निरोप लेकीकरवी, “शिवू, अण्णांना म्हणावं, आज डोकं दुखतंय.”

अण्णा म्हणायचे, “शिवू, आईला म्हणावं, इंग्रजीला डोकं कशाला लागतंय? तोंड बास हाय!” पाहुणे हसायचे.

आज अण्णा म्हणाले, “आईचं लई झालं. आता लेकीचं ऐका. शिवप्रिया, चढ पाटावर.”

शिवू चढली. इंग्रजी कविता म्हटली.

“जोरात!”

पुन्हा म्हटली.

“पाहुण्यांना ऐकू येईना की गं!”

आता आवाज चिरकला. फ्रॉकची कड तिनं मुठीत आवळून धरली होती. दाराआड भुवनेश्वरीच्या मुठीत पदराची कड तशीच होती.

“नॉक इट ऑफ, अण्णा,” ती तिथूनच म्हणाली.

एका पाहुण्यानं टाळी वाजवली. “अगागा! काय फाडफाड बोलली हो!”

“मग! आमची भावजय हाय,” अण्णा फुलून गेले. “अजून एक हूं दे!”

“कट इट आउट.”

पुन्हा टाळ्या. श्रीशैलही पेपराआडून हसला. विहिरीत पडलेल्यानं ओरडावं, आणि काठावरच्यांनी गाणं समजून डोलावं, तसं झालं तिला.

“शिवू, अण्णांना सांग...” सवयीनं तोंडून निघालं. पोर ओल्या डोळ्यांनी लगेच वळली, निरोप न्यायला. एवढंसं लेकरू, आणि घरातलं सगळं न बोललेलं त्याच्या डोक्यावर.

भुवनेश्वरीनं उंबरा ओलांडला. शिवूला पाटावरून उतरवलं.

“जा बाळा, खेळ जा.”

डोक्यावरचा पदर तसाच ठेवून तिनं गुरुसिद्धप्पांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका आहे, हे तिला आज कळलं.

“अण्णा, बास करा आता,” ती म्हणाली. “मला लई त्रास होतोय. पहिल्या दिवसापासनं होतोय.”